सुभेदार उभे राहिले

त्याला सुभेदार गावानं केलं होतं, सैन्यानं नव्हे. सैन्यातून तो हवालदार म्हणूनच घरी आला. पण गावाला तेवढं पुरेना. युद्ध बघून आलेला, पदक मिळवलेला गावातला एकुलता एक माणूस, आणि तो नुसता हवालदार? लोकांनी परस्पर बढती देऊन टाकली. पुढं निवडणूक आली तेव्हा पार तालुक्यापर्यंतच्या भिंतींवर चुन्यानं मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं, 'सुभेदार उभे आहेत.' उभे राहिले ते निवडून आले, आणि त्याच्या बायकोची आपोआप सुभेदारीण झाली. आयुष्यभर मेंढ्यांच्या लेंड्या झाडलेल्या बाईला हे नाव जरा मोठंच होत होतं. पण लोकांनी दिलेलं नाव परत करता येत नाही.

आमदार झाल्यापासून घराच्या ओसरीवर सकाळपासून माणसं यायची. कुणाला रस्ता हवा, कुणाला पोराची बदली, कुणाला नुसतंच बोलायला माणूस. सुभेदाराची खुर्ची कोपऱ्यात, डावी बाजू भिंतीला टेकवून ठेवलेली. उजवीकडे खाली सुभेदारीण बसायची, लोकरीतले काटे वेचत. आलेला माणूस आपलं रडगाणं आजोबांपासून सुरू करायचा. ते संपलं की ती मान न उचलता म्हणायची, "अहो, यांच्या विहिरीवरची वीज तोडलीय, ती जोडून पाहिजे." मग सुभेदार मान हलवायचा आणि म्हणायचा, "बघतो."

लोक हसायचे. पलीकडच्या घरातली शिंपीण तर तोंडावर म्हणायची, "मत सुभेदाराला दिलं, राज्य सुभेदारीण करतेय. पुढच्या खेपेला चिठ्ठी सरळ तुझ्याच नावाची टाकू."

सुभेदारही हसायचा. ते हसू त्याला सोयीचं होतं. बायकोच्या मुठीतला आमदार लोकांना चालतो. बहिरा आमदार चालत नाही.

तो तोफखान्यात होता. डावा कान युद्धातच कायमचा बंद झाला होता. उजव्यात जे उरलं होतं ते वरवर चांगलं वाटायचं. समोरासमोर, शांतपणे, ओळखीच्या आवाजात कुणी बोललं की कळायचं. पण चार माणसं एकदम बोलू लागली की त्याच्या कानात नुसतं भरडल्यासारखं व्हायचं. हे आपल्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नाही, अशी तिची खात्री होती. सैन्यात त्यानं लपवलं, कारण घरी पाठवतील. घरी आल्यावर लपवलं, कारण सैन्यात लपवलं होतं. आणि निवडणुकीत उभा राहिल्यावर तर प्रश्नच नव्हता.

त्या साली सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नाही. खालची कुरणं खरवडल्यासारखी झाली. जमिनीला हात लावला तर हाताला मातीच लागायची, गवताचं मूळसुद्धा नाही. उरला वरचा माळ. तिथं कपारीत झरा होता, झऱ्याच्या अंगानं गवत होतं, आणि गावातले सगळे कळप त्या गवतावर कसेबसे जीव धरून होते. घरचा कळप भाऊजी राखायचे. भाऊजी म्हणजे सुभेदाराचे थोरले भाऊ. बायको फार लवकर गेली, मूल नव्हतं, पुन्हा लग्न केलं नाही. धाकटा युद्धावर होता तेव्हा त्याची बायको, त्याचं घर, त्याच्या वाटणीची जनावरं, सगळं त्यांनीच सांभाळलं. बोलणं कमी. दिवसातली निम्मी वाक्यं मेंढ्यांशी, आणि तीही शिवी घालूनच.

त्याच माळावर सरकारची नजर गेली. तोफांच्या सरावासाठी मैदान हवं होतं. माळाला चारी बाजूंनी तार घालायची, आत माणूस नाही की जनावर नाही. राजधानीत तसा ठराव यायचा होता.

गाव ओसरीवर जमलं. खुर्चीच्या पुढं इतकी गर्दी झाली की सुभेदारीण उजवीकडून मागं रेटली गेली.

"सुभेदार, तुमच्याच तोफा आहेत. त्यांना सांगा की दुसरीकडं तोंड करा."

"आमच्या मेंढ्यांनी काय युद्ध पुकारलंय का?"

"हसू नका रे. झरा गेला तर आठवड्यात गाव उठेल."

सगळे एकदम बोलत होते. सुभेदाराच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं, पाण्याखालून बघितल्यासारखं हसू आलं. सुभेदारिणीनं दोन माणसांच्या मधून हात घालून त्याचा खांदा धरला आणि कानाशी म्हणाली, "माळ वाचवणार का, विचारतायत."

तो उठून उभा राहिला. उभा राहिला की तो अजूनही जवानासारखा दिसायचा. पाठ सरळ, हनुवटी आत.

"मी उभा आहे तोवर माळ जाणार नाही," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. भाऊजी दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसतं म्हणाले, "बरं." आणि मेंढ्यांना पाणी दाखवायला गेले.

ठराव यायच्या वेळीच घरात लोकर कातरायचं काम निघालं. ते पुढं ढकलण्यासारखं नव्हतं. पाऊस नसला तरी उन्हाची काहिली वाढत होती, आणि लोकर अंगावर घेऊन मेंढ्या माळ चढेनात. निघायच्या सकाळी सुभेदार आत बूट चढवत होता. ती बाजूला उभी राहून सदऱ्याची गुंडी शिवत होती.

"मी येऊ का?" तिनं विचारलं. "प्रेक्षकांना वर बसायला जागा असते म्हणालात ना."

"वर बसून काय करणार? वरून हात दाखवणार?"

"दाखवीन की."

"आमदार बायकोला बघून मत देतो म्हणून दुसऱ्या दिवशी चित्र येईल पेपरात." तो हसला. "आणि कातरायला दादाला माणूस कोण? शेजारी काही येत नाहीत, त्यांचंही कातरणं चालू आहे."

"पण तुम्हाला तिथं कळतं कसं? केव्हा काय विचारतात ते?"

"पुढच्या बाकावर वकील बसतो. आपल्याच बाजूचा, आणि माळाच्या बाबतीत तर माझ्याहून कडवा. तो उठला की मी उठतो, तो बसला की बसतो. आजवर एकदाही चुकलं नाही." त्यानं सदरा घातला, गुंडी लावली आणि आरशाशिवायच भांग चाचपला. "तू उगाच काळजी करतेस."

ती गेली नाही. पुढं किती तरी दिवस तिच्या मनात हेच घोळत राहिलं की आपण कातरायला थांबलो.

कातरणं म्हणजे अंगमेहनतीचं काम. भाऊजी मेंढी धरायचे, उलटी करून बुडावर बसवायचे, तिचं डोकं आपल्या काखेत, पुढचे पाय गुडघ्यांत. मग मोठी कात्री पोटापासून सुरू व्हायची. मेंढी एकदा अशी बसली की धडपड सोडते, नुसती डोळे फाडून आभाळाकडं बघत राहते. लोकर अंगावरून गोधडीसारखी अखंड उतरायची आणि आतून गुलाबी, सुरकुतलेलं, भलतंच लहान जनावर निघायचं. सुभेदारीण लोकर उचलून सावलीत पसरायची, काटे काढायची, मळकी वेगळी करायची. हात कोपरापर्यंत मेणचट व्हायचे. कपाळावरची माशी हाकलायलाही मनगटच वापरावं लागायचं.

"धाकटे, कात्री लाव दगडावर," भाऊजी म्हणायचे. एवढंच. घरात ती धाकटी सून, म्हणून धाकटी. केस पिकले तरी तेच.

"आज ठराव असेल ना हो, भाऊजी?"

"असेल."

"होईल ना नीट?"

भाऊजींनी मेंढी उलटी केली. "ही बघ, इला पण वाटतं मी गळा कापतोय. सगळं नीट होईल म्हणून सांगितलं तर ऐकणार आहे का ही?"

बातमी मास्तरांनी आणली. शाळा सुटल्यावर ते सायकलवरून थेट मेंढवाड्याशी आले आणि सायकल स्टँडवर न लावताच कुंपणाला टेकवली. हातात वर्तमानपत्र होतं. ते सुभेदारिणीकडं द्यावं की भाऊजींकडं, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी मधल्या दगडावर ठेवलं.

पहिल्याच पानावर फोटो होता. सभागृहातली बाकं, बसलेली माणसं, उभी असलेली माणसं, आणि मधोमध सुभेदार. ताठ. हात मांड्यांना चिकटलेले, हनुवटी आत. ओठांवर बारीकसं हसू.

"काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. "ठराव मंजूर झाला. जे बाजूनं आहेत त्यांनी उभं राहायचं होतं." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "सुभेदार उभे राहिले."

"कुणाच्या बाजूनं?"

"तोफांच्या, वहिनी. सुभेदारांच्या बाकांवर दुसरं कुणीच उभं नव्हतं, तरी ते उभे राहिले. मंत्र्यांनी भाषणात नाव घेतलं. खरा सैनिक घरच्या माळापेक्षा देश मोठा मानतो, म्हणाले. सगळ्यांनी बाकं वाजवली."

भाऊजींच्या गुडघ्यांत अर्धी कातरलेली मेंढी होती. त्यांनी फोटोकडं मान वळवून पाहिलं, बराच वेळ. मग कात्री पुन्हा लोकरीत घातली आणि उरलेली बाजू पूर्ण केली. घाई नाही. मेंढी सोडली, ती धडपडत उठून कळपात गेली.

"पुढची आण," ते म्हणाले.

सुभेदार आला तेव्हा गाडीचा आवाज ऐकून गल्लीतली दारं लागली. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. शिंपीण तेवढी दारात उभी राहिली आणि गाडीवानाला मोठ्यानं म्हणाली, "सावकाश जा हो. गाडीत देश बसलाय."

तो सरळ आतल्या खोलीत आला आणि पलंगाच्या काठावर बसला. बूट काढले नाहीत. ती दार लोटून त्याच्या उजव्या अंगाला बसली.

"काय झालं?"

"वकील उठला," तो म्हणाला. "मी उठलो."

"वकील का उठला?"

"त्याला हरकत घ्यायची होती. ठरावात कसलीशी चूक होती म्हणे. मला काय माहीत? गलका एवढा होता. मला त्याची पाठ उभी दिसली, मी उभा राहिलो. मग तो काहीतरी ओरडला, हात उडवले आणि बसला."

"मग तुम्ही का नाही बसलात?"

तो तिच्याकडं बघत राहिला. हे तिला समजू नये याचंच त्याला नवल वाटत होतं.

"मोजणारा समोरून येत होता," तो म्हणाला. "एकेकाकडं बोट करत. हजेरी चालू असताना खाली बसायचं? हुकूम झाल्याशिवाय? माझे गुडघेच वाकले नाहीत गं. बसावं असं मनात आलं होतं. पण त्यानं माझ्याकडं बोट केलं आणि मी टाचा जुळवल्या."

बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. कातरलेल्या आया कोकरांना ओळखू येत नव्हत्या.

"मग बाकं वाजायला लागली," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्यासाठी वाजतायत. म्हणजे माझ्यासाठीच वाजत होती. मला वाटलं, माळ राहिला. म्हणून हसलो. बाहेर आल्यावर वकिलानं कॉलर धरली. म्हणाला, कितीतरी जण बसून राहणार होते; ज्याचा माळ तोच उभा राहिल्यावर बाकीच्यांनी कुणासाठी बसायचं?"

ती उठली. "चला. आत्ताच्या आत्ता परत जाऊ. मी येते. सांगू, ऐकू आलं नाही. कान तोफेनं गेलाय, चोरी नाही केलेली."

"आणि मग? ज्याला ऐकू येत नाही तो इतकी वर्षं तिथं बसून काय करत होता, असं नाही विचारणार? मी जिथं जिथं उठलो-बसलो ते सगळं बहिऱ्याचं उठणं-बसणं ठरेल. हसतील गं. इथपासून राजधानीपर्यंत हसतील. दुसऱ्या दिवशी राजीनामा. मग गावाला कोण उरलं?"

"आता तरी कोण उरलंय?"

"काय?"

ती नेहमी लगेच दुसऱ्यांदा सांगायची. या वेळी सांगितलं नाही.

दार ढकलून भाऊजी आत आले. अंगाला लोकरीचा वास, बाह्यांवर बारीक केस. ते सुभेदाराच्या समोर आले, मग दोन पावलं वळून उजव्या अंगाला उभे राहिले. आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलले. एवढ्या मोठ्यानं ते मेंढ्यांशीसुद्धा बोलायचे नाहीत.

"का उभा राहिलास?"

सुभेदारिणीनं तोंड उघडलं. "भाऊजी, यांना..."

सुभेदारानं तिचं मनगट धरलं. जोरात धरलं, वळ उठेल इतकं. तो पलंगावरून उठला, बूट वाजले, पाठ सरळ झाली.

"माळ देशासाठी दिला, दादा," तो म्हणाला.

भाऊजींनी खाली बघितलं, हाताच्या तळव्यावरची मेणचट लोकर चोळून चोळून तिची गोळी केली.

"देशासाठी तू एकदा गेलास," ते म्हणाले. "तेव्हा मी काही म्हटलं नाही. घर धरून बसलो. या खेपेला मला पाठवतोयस."

त्यांनी गोळी खिशात टाकली आणि बाहेर गेले.

सुभेदारिणीचं मनगट अजून त्याच्या हातात होतं. त्याला सोडायचं भान नव्हतं आणि तिला सोडवून घ्यावंसं वाटेना.

मग दिवस गेले तसे गेले. ओसरीवर कुणी येईना. सुभेदार तरीही सकाळी दाढी करून खुर्चीत बसायचा. वर माळावर माणसं आली, पांढरे दगड रोवले, मग खांब, मग तार. झऱ्याशी लाल निशाण लागलं. खांब ठोकल्याचा आवाज दिवसभर खाली यायचा. ती लोकर पिंजता पिंजता थांबायची, तो मात्र वर्तमानपत्र वाचत राहायचा. एकदा पत्रकार आला. त्यानं विचारलं, तिनं कानाशी सांगितलं, "माळ देताना काय वाटलं, विचारतोय." सुभेदार म्हणाला, "अभिमान." पत्रकारानं लिहून घेतलं आणि चहा न घेताच गेला, त्याला पुढची गाडी गाठायची होती.

तिनं मास्तरांना सांगायचं ठरवलं, शाळेच्या फाटकापर्यंत गेलीही. मास्तर पोरांना ओरडत होते. ती फाटकाशी उभी राहिली. काय सांगणार? माझा नवरा गद्दार नाही, मूर्ख आहे? गद्दार माणसाच्या घरावरून लोक मान फिरवून जातात. मूर्खाच्या घरावरून हसत जातील, आणि माळ काही परत येणार नाही. ती तशीच परतली. येताना शिंपिणीकडून दोरा घेतला, म्हणजे घराबाहेर का पडलो याला काहीतरी निमित्त झालं.

गवत संपलं तसे एकेक कळप गावातून निघाले. भाऊजींनी घाट ओलांडून पलीकडच्या मुलखात जायचं ठरवलं. तिथं कुणा मोठ्या कळपवाल्याला माणूस हवा होता. आपल्या मेंढ्या त्याच्या कळपात मिसळायच्या आणि त्याची चाकरी करायची. या वयात.

निघायच्या दिवशी अडचण अशी झाली की कळप गावाबाहेर नेताना माळाच्या वाटेचा फाटा लागतो. मेंढ्या लहानपणापासून तिथं उजवीकडं वळलेल्या. कुणीतरी फाट्याच्या तोंडाशी आडवं उभं राहायला हवं होतं. भाऊजींनी शेजाऱ्यांना विचारलं नाही. शेजाऱ्यांनीही विचारलं नाही.

"मी येते," सुभेदारीण म्हणाली.

"मीही येतो," सुभेदार खुर्चीतून म्हणाला. त्यानं तिच्या तोंडाकडं बघूनच ओळखलं असावं.

भाऊजी पायताण चढवत होते. "तू नको," ते मोठ्यानं म्हणाले. रागानं नव्हे. "मेंढ्या तुला ओळखत नाहीत."

फाट्यावर ऊन नुसतं भाजत होतं. ती माळाच्या वाटेला पाठ करून हात पसरून उभी राहिली. मागं तार होती, तारेवर पाटी. धुळीतून कळप आला. कातरलेल्या मेंढ्या उघड्या, हाडकुळ्या, एकमेकींच्या पाठीवर तोंड टेकवत. पुढच्या मेंढ्या फाट्याशी आल्या आणि सवयीनं उजवीकडं वळल्या, सरळ तिच्या अंगावर. तिनं हात हलवले, ओरडली, पाय आपटले. त्या बिचकून मागं झाल्या, रस्त्याला लागल्या. मागच्या पुन्हा वळल्या.

भाऊजी मागून हाकत हाकत तिच्यापाशी आले आणि दम खायला थांबले.

ती एकदम बोलून गेली. "भाऊजी, यांना ऐकू येत नाही. युद्धापासून. त्या दिवशी यांना कळलंच नाही काय विचारलं ते. चुकून उभे राहिले हो. देशबिश काही नाही. चुकून."

भाऊजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे?"

"युद्धावरून आला त्याच आठवड्यात मी डावीकडून हाक मारली होती. आला नाही. परत कधी डावीकडून मारली नाही." त्यांनी घाम पुसला. "चुकून उभा राहिला, हे मला फोटो बघून कळलं. त्या रात्री मी त्याच्यापुढं गेलो ते त्यानं तेवढंच म्हणावं म्हणून. दादा, चुकलं. एवढंच. मग मी गावाशी भांडलो असतो. पाय तुटेस्तोवर राजधानीपर्यंत चाललो असतो."

"मग आता..."

"देशासाठी दिला, हे त्याला कुणी चुकीचं ऐकवलं नव्हतं, धाकटे. ते त्याचं त्यानं म्हटलं."

त्यांनी शीळ घातली. कळप पुढं सरकला. ते कळपामागून चालू लागले, आणि चालताना मान वळवून एवढंच म्हणाले, "ती म्हातारी वळेल बघ. सोडू नकोस तिला."

म्हातारी मेंढी सगळ्यात मागं होती, लंगडत. ती फाट्याशी आली, थांबली, आणि सुभेदारिणीच्या अंगावरून मागच्या माळाकडं बघू लागली. सुभेदारिणीनं हात पसरले. मेंढी बिचकली नाही. चालत आली आणि डोकं तिच्या मांड्यांत घालून रेटू लागली. हट्टानं नाही, घराचं दार ढकलावं तसं. तिनं तिला खांद्याला धरून मागं लोटलं. ती परत आली. पुन्हा लोटलं. लोकर नसलेल्या अंगाला हाताची पकड लागेना. नुसती हाडं आणि ऊन लागत होतं.

"जा ना गं," ती म्हणाली. "तिकडं काही नाही आता. जा."

मेंढी परत आली. सुभेदारिणीनं पदर खोचला, गुडघे टेकवले आणि दोन्ही हातांनी तिला ढकलू लागली.